बाईंचे भांड्यांचे मशीन

लातूरला रेल्वेने पाणी येत होते त्या उन्हाळ्यात, एप्रिलमधल्या एका रविवारी, आमच्या इमारतीच्या समितीने बाईंच्या भांडी धुण्याच्या मशीनची नळजोडणी काढून टाकली. प्लंबरने पाना लावला, पाइप सोडवला आणि नळाच्या तोंडाला लोखंडी टोपण बसवले. समितीचे सचिव, दोन सदस्य, बाई आणि मी, एवढे लोक हजर होतो. टोपण बसताना बाई एवढेच बोलल्या.

"टोपण घट्ट बसवा. गळायला नको."

हे त्या फार हळू बोलल्या. राग आला की त्यांचा आवाज खाली येई. त्या मुख्याध्यापिका होत्या तेव्हा शाळेचा शिपाई नव्या शिक्षकांना सांगत असे, बाई ओरडल्या तर भिऊ नका, हळू बोलायला लागल्या की पळा.

तळमजल्याचा फ्लॅट बाईंचा होता आणि गच्चीवरची एक खोलीही. त्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. एका दैनिकाचा बातमीदार म्हणून माझी लातूरला नेमणूक होती. मी आलो तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. एकट्या राहत. इस्त्रीची सुती साडी आणि पायात मुलांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, असा त्यांचा वेष होता. लग्नालाही त्या तसेच बूट घालून जात. चप्पल घातलेल्या माणसाला पटकन निघून जाता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर ते भेटेल त्याला शिकवले. त्यांचे ठरलेले वाक्य होते, "पायरी दाखवा." कंडक्टर म्हणाला, रस्ता खराब आहे म्हणून गाडीला उशीर झाला, तर बाई विचारत, "रस्ता कालही खराब होता. काल गाडी वेळेवर आली. मधली पायरी दाखवा." डॉक्टर म्हणाले, हाताच्या भेगा वयामुळे आहेत, तर त्यांनाही हाच प्रश्न. माझ्या बातमीत 'असे समजते' किंवा 'असे कळते' दिसले की त्यावर पेन्सिलीने गोल करून तो अंक त्या माझ्या दारात टाकत. संध्याकाळी जिन्यात गाठत. "कोणाला समजतं? नाव न्हाई त्याला? मग त्याला समजत नसेल."

त्यांच्या दोन्ही हातांना त्वचेचा आजार होता. साबणाचे पाणी लागले की बोटांची सालटे निघत आणि सांध्यांवर भेगा पडून रक्त येई. डॉक्टरांनी साबणात हात घालायचा नाही असे बजावले होते. बाकी कोणी असते तर भांडी घासायला एखादी बाई ठेवली असती. इमारतीतल्या प्रत्येक घरात तशी होती. बाईंनी ठेवली नाही, आणि का नाही हे त्यांनी विचारणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर सांगितले.

त्या मूळच्या देगलूरच्या. वडिलांनी छप्पन्ननंतर धम्मदीक्षा घेतली. आई लग्नसराईत आडत्यांच्या घरी पंगतींची मोठी भांडी घासायला जाई. भांडी मागच्या दाराबाहेर ढकलली जात. आई ती घासून ठेवी आणि बाजूला होई. मग आतली कोणी येऊन त्या घासलेल्या भांड्यांवर पाणी शिंपडे आणि मगच ती आत नेली जात. मजुरी म्हणून उरलेले अन्न मिळे. "बहात्तरच्या दुष्काळात देगलूरला प्यायला पाणी नव्हतं," बाई सांगत. "शिंपडायला होतं."

मोठे कार्य असले की आईच्या मदतीला बाईंना शाळा बुडवावी लागे. घरात कोणाला भांडी घासायला ठेवणार नाही, हे त्यांनी नोकरी लागली त्याच वर्षी ठरवले. पुढे हात बिघडले तेव्हा नांदेडला राहणाऱ्या भाचीने डिशवॉशर सुचवला. बाईंनी तो घेतला. आणणाऱ्या माणसांसमोरच मशीनकडे बोट करून त्या मला म्हणाल्या, "याला मी उष्टं दिलं तर याच्या पोरीची शाळा बुडत नाही."

जिल्हा नवा झाला त्या वर्षी बाई लातूरला शिक्षिका म्हणून आल्या होत्या. गावात पेढे वाटले जात होते, नव्या कचेऱ्यांना रंग लागत होता. शाळेतही सगळे खुशीत होते. शिक्षकांच्या खोलीत चहाच्या कपांचा एक ट्रे होता आणि ट्रेच्या बाहेर, खिडकीत, एक वेगळा कप होता. त्याच्या कानाला लाल रंगाचा ठिपका दिलेला होता. हा तुमचा, असे एका शिक्षकाने त्यांना आदराने सांगितले. बाईंनी चहा घेतला. मग सगळ्यांचे रिकामे कप गोळा केले, लाल ठिपक्याचा कप त्यांत घातला, सगळे एका बादलीत धुतले आणि विटेच्या तुकड्याने घासून तो ठिपका काढला. मग ट्रे टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आता कोणता कोणाचा, ते मलाबी सांगता येणार न्हाई." दोन मास्तरांनी त्या वर्षी शाळेतला चहा सोडला. त्यांची तब्येत सुधारली, असे बाई सांगत. दुसऱ्याचे उष्टे त्यांनी धुतले ते त्या दिवशी शेवटचे.

आमच्या समितीचे सचिव उदगीरचे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, कपाळाला बारीक गंध, बोलणे मऊ. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा, ही त्यांची जुनी इच्छा होती आणि टँकरची वाट पाहत उभ्या असलेल्या लोकांना ते ती ऐकवत. जिल्हा झाला की पाणी येईल, असे ते म्हणत. बाई म्हणत, "नवा जिल्हा झाला की काय येतं ते मी पाहिलंय, सचिवसाहेब. पहिली खुर्ची येते." सचिव हसत. ते बाईंशी कधी वाईट बोलले नाहीत. हे नमूद करायला हवे, कारण पुढचे सगळे त्यांनी असेच हसून केले.

मशीनची तक्रार त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात सुरू झाली. आतल्या दारावर साबणाची एक डबी असते. तिच्यात पावडर घालून झाकण लावायचे. धुणे मध्यावर आले की झाकण आपोआप उघडते आणि साबण पाण्यात पडतो. बाईंच्या मशीनमध्ये कधी साबण पडे, कधी नाही. न पडला की भांडी तेलकट निघत, फोडणीचा वास तसाच राही आणि डबीत पावडरीचे ओले ढेकूळ सापडे.

बाईंनी कंपनीला फोन केला. तिकडून विचारले, मॅडम, दार उघडल्यावर झाकण उघडे दिसते का? दिसते, बाई म्हणाल्या. मग झाकण ठीक आहे, साबण खराब आहे. बाईंनी साबण बदलला. मग सांगितले, डबी ओली असेल. बाई डबी फडक्याने पुसून, पंख्याखाली वाळवून मग पावडर भरू लागल्या. मग सांगितले, तुमच्याकडचे पाणी जड आहे, मीठ घाला. टँकरचे पाणी जड होतेच. मीठ घातले. डबीच्या रबराभोवती जमलेली पावडर त्यांनी दातकोरणीने काढली. दोन दिवस साबण पडला, तिसऱ्या दिवशी पुन्हा ढेकूळ.

शेवटी मेकॅनिक आला. कंपनीचे सेवा केंद्र नांदेडला होते आणि हा हदगावकडचा, तिशीतला, दोन बसगाड्या बदलून आलेला. त्याने पावडर घातली, मशीन रिकामेच चालवले, थांबवून दार उघडले. डबी स्वच्छ होती.

"मॅडम, मशीन एकदम ओके हाय बघा."

"मग माझ्या हातून काय होतंय?"

"तुम्ही बटन बरोबर दाबता ना?"

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "एकच बटण आहे बाळा. त्यात चुकायला किती जागा आहे ते दाखव."

तो आणखी दोनदा आला. तिन्ही वेळा तेच झाले. रिकामे मशीन त्याच्यासमोर नीट चाले आणि तो गेला की साबण अडे. तिसऱ्या वेळी जाता जाता तो मला जिन्यात म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला खामखा शंका येत राहते, सर." हे बाईंनी ऐकले. त्याच्या मागोमाग कॅनव्हासच्या बुटांनी त्या थेट रिक्षा थांब्यापर्यंत गेल्या. तिथे काय बोलल्या ते मला माहीत नाही. पुढच्या वेळी तो त्यांच्याशी बॅग खाली ठेवून बोलला.

मार्चमध्ये टँकर कमी झाले. समितीच्या बैठकीत विषय निघाला की बाईंचे मशीन पाणी फार पिते. बाई म्हणाल्या, मोजा. मशीनच्या सांडपाण्याचा पाइप बादलीत सोडते, तुमच्या घरचे भांड्यांचे पाणीही दुसऱ्या बादलीत धरा. सचिव म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे ती बाई घासते. माणूस आहे. माणसाचं पाणी कसं मोजायचं?"

"माणूस आहे हे टंचाईत लक्षात आलं का?" बाई म्हणाल्या.

मशीनचे तेवढे मोजायचे ठरले. एप्रिलचा तो रविवार त्यासाठी होता. बाईंनी सगळी भांडी समिती येण्याआधीच लावून दार बंद करून ठेवले होते: ताटे, वाट्या, कढई, भाकरीचे पीठ मळायची परात. मशीन चालले. पाणी बादलीत आले. दार उघडले तर भांडी तेलकट आणि डबीत ढेकूळ.

"हे तर नुसतं पाण्यात बुचकळलंय, मॅडम," सचिव म्हणाले.

एक सदस्य म्हणाला, "एवढ्या पाण्यात आमची म्हैस धुऊन निघाली असती. अन् तेल न लागता."

सगळे हसले. बाई म्हणाल्या, पुन्हा लावते. पुन्हा लावले तर दुप्पट पाणी झाले की, सचिव म्हणाले, आणि त्यांनी जिन्यात उभ्या असलेल्या प्लंबरला हाक मारली. प्लंबरला आदल्या दिवशीच निरोप गेला होता. हे मला नंतर प्लंबरनेच सांगितले. म्हणजे चाचणीचा निकाल चाचणीच्या आधी लागला होता. ही बातमी मी दिली नाही, कारण अशा बातमीला पानावर जागा नव्हती. दुष्काळाच्या पानावर त्या दिवशी रेल्वेचे फोटो होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याला रविवारचे काही माहीत नव्हते. जुन्या तक्रारीवरून तो आला होता. तो येणार म्हटल्यावर बाई दर वेळी सगळी भांडी काढत, मशीन आतून पुसत, जाळीतले कण वेचत, दाराच्या रबरावरून ओले फडके फिरवत आणि मगच त्याला आत घेत. परक्या माणसापुढे घरातले खरकटे ठेवायचे नसते, हे आपल्याकडे सगळ्याच घरांत शिकवतात. बाईंच्या घरात ते जास्त कडक शिकवले गेले होते. त्यांची आई म्हणे, आपलं घर असं पाहिजे की कोणाला बोट ठेवायला जागा न्हाई राहिली पाहिजे. त्या सोमवारी मात्र बाईंनी काहीही काढले नव्हते. भांडी आदल्या दिवसापासून तशीच आत होती. समिती गेल्यावर त्यांनी पुन्हा पावडर भरून, बादलीतले पाणी आत ओतून मशीन लावले होते; ते अर्ध्यावर बंद पडले आणि त्यानंतर दार उघडलेच नव्हते.

"रिकामं करून देऊ का?" त्या मेकॅनिकला म्हणाल्या. "न्हाई करत. आज बघाच माझं खरकटं."

त्यांनी दार उघडले. आतून टक असा आवाज आला. मी दारात उभा होतो, मलाही तो ऐकू आला.

मेकॅनिक खाली बसता बसता थांबला. "हा आवाज कसला?"

"रोजचाच आहे."

"मी आलो तेव्हा कधी आला न्हाई."

बाईंनी दार लावले आणि पुन्हा उघडले. आता आवाज आला नाही; झाकण उघडेच होते. त्यांनी झाकण दाबून बंद केले, कळ सोडवली, झाकण टक करून उघडले. तोच आवाज. मग त्यांनी खालचा कप्पा बाहेर ओढला. परात मोठी, ती नेहमी पुढच्या बाजूला उभी लावलेली असे. तिच्या पाठीवर, डबी येते त्याच उंचीला, वाळलेल्या पावडरीचा चौकोनी डाग होता.

बाईंनी पायऱ्या स्वतःच म्हणून दाखवल्या, वर्गात म्हणाव्यात तशा. मशीन चालू असताना झाकण सुटते. समोर परात. झाकण परातीला अडते. साबण आतच भिजतो. आपण दार उघडतो, दार परातीपासून लांब येते, तेव्हा झाकण उघडते. आपल्याला वाटते, ते आत उघडले होते. खिचडीच्या दिवशी परात लागत नाही, त्या दिवशी साबण पडतो.

"अन् मी आलो की मशीन रिकामं," मेकॅनिक म्हणाला.

"तू आलास की मी रिकामं करून ठेवायची."

तो म्हणाला, "सगळेच ठेवतात, मॅडम. नांदेडात बी. मला आजवर कोणी खरकटं दाखवलं न्हाई."

बाई खाली फरशीवर बसल्या. मी त्यांना फरशीवर बसलेले त्याआधी पाहिले नव्हते. मग त्यांनी आईचे ते वाक्य पुन्हा म्हटले, बोट ठेवायला जागा न्हाई राहिली पाहिजे, आणि म्हणाल्या, "कोणाच्या बोटासाठी मी हे करून राहिले होते?" हे त्या कोणाला विचारत होत्या ते कळले नाही. आवाज अगदी खाली गेला होता. मेकॅनिकने बॅग उचलली आणि नमस्कार करून तो निघून गेला.

त्याच आठवड्यात त्यांनी समितीला पुन्हा बोलावले. मशीनला इमारतीच्या टाकीचे पाणी नको म्हणून स्वतःच्या वाट्याचे पाणी पिंपात भरून ते पिंप गच्चीवर माझ्या खोलीबाहेर ठेवले होते आणि तिथून नळी खाली सोडली होती. या वेळी भांडी आधी लावली नाहीत. सचिवांच्या आणि दोन्ही सदस्यांच्या समोर खरकटी ताटे एकेक करून लावली. एक सदस्य नजर दुसरीकडे फिरवून उभा राहिला. परात त्यांनी मागे आडवी टाकली. मशीन चालले, थांबले. दार उघडताना आवाज आला नाही. भांडी स्वच्छ होती, डबी रिकामी होती. सांडपाण्याची बादली पूर्ण भरली नव्हती.

सदस्यांनी बादलीत डोकावून पाहिले. सचिवांनीही पाहिले.

"ते ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण टंचाईत मशीन बरं दिसत नाही. बाहेर लोक घागरी घेऊन उभे आहेत."

"पाणी कमी लागतं हे पटलं?"

"हाव, ते पटलं."

"पाणी वाचवायचंय हे पटलं?"

"पटलंच की."

"मग मशीन नको. मधली पायरी दाखवा."

"प्रत्येक गोष्ट गणित नसते, मॅडम."

"मग काय असते? ते सांगा. मी शिकते."

सचिव हसले. म्हणाले, "तुमच्या हाताची तकलीफ आम्हाला दिसते. आमच्याकडची बाई तुमच्याकडे पाठवतो. तिलाही आधार होईल."

"किती वर्षं आहे ती तुमच्याकडे?"

"झाली असतील बरीच."

"तिची पोरगी कितवीत आहे?"

सचिवांना माहीत नव्हते. त्यांनी सदस्यांकडे पाहिले. त्यांनाही माहीत नव्हते.

"सातवीत आहे," बाई म्हणाल्या. "टँकर येतो त्या दिवशी शाळेत नसते."

समिती निघून गेली. जोडणी परत मिळाली नाही. गच्चीच्या स्लॅबवर पाण्याचे वजन ठेवता येणार नाही, असा निर्णय पुढच्या बैठकीत झाला. तो सगळ्यांना लागू होता. गच्चीवर पिंप एकच होते.

त्यानंतर बाई हाताने भांडी घासू लागल्या. रबरी हातमोजे घालून पाहिले, आत घाम धरून भेगा वाढल्या. मे महिन्यात त्यांची बोटे मिटेनाशी झाली. पेन्सिल धरता येत नसल्याने माझ्या बातम्यांवरचे गोल बंद झाले. चुका त्या जिन्यात उभ्या राहून तोंडी सांगत. मी एकदा म्हणालो, मी घासतो. त्या म्हणाल्या, "तुमची तुम्ही घासता का?" मी डब्यावर जेवत होतो. विषय तिथे संपला.

पावसाळा संपेपर्यंत धरण भरले. पाण्याची रेल्वे बंद झाली. नळजोडणीचा विषय बैठकीत आला नाही. बाईंनी तो काढला, तेव्हा पुढच्या बैठकीत पाहू असे ठरले. पुढच्या बैठकीत लिफ्टचा विषय होता. नळाच्या तोंडावर टोपण तसेच राहिले. ते गळत नव्हते.

दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या हातात जंतुसंसर्ग झाला. भाची त्यांना नांदेडला घेऊन गेली. जाताना बाईंनी घराला कुलूप स्वतः लावायचा प्रयत्न केला. किल्ली फिरली नाही, तेव्हा भाचीने लावले. त्याच महिन्यात माझी बदली झाली. सचिव मला निरोप द्यायला गच्चीवर आले, म्हणाले, मॅडम फार हट्टी, पण माणूस चांगला.

त्यानंतर मी नांदेडला भाचीच्या घरी फोन केला. बाई झोपल्या होत्या. भाची म्हणाली, "उजवा हात बांधलेला हाय. डाव्यानं जेवती आत्या. ताट घेत न्हाई, पत्रावळ घेती. अन् ती बी कोणाला उचलू देत न्हाई, सोता उठून टाकून येती."